कपाटामागची नोटीस

सुरेखा घोडकेला राग आला की तिचं मराठी शुद्ध होतं. एरवी मुकुंदवाडीत वाढलेली ही बाई "लई झालं", "नाय जमत" असं मोकळं बोलणारी. पण डोकं तापलं की "कृपया", "आपण", "याबाबत" असले शब्द तिच्या तोंडून टपाटप पडायला लागतात. तेव्हा तिचा नवरा सोमनाथ हातातलं काम टाकून बाल्कनीतले कपडे काढायला जातो, मग ते वाळलेले असोत की नसोत. यंदाच्या जानेवारीत सोमनाथनं आठवडाभर ओले कपडे काढले.

सुरुवात झाली एका झेरॉक्सपासून. वीस तारखेला, मंगळवारी, सुरेखा मुलीच्या शाळेत आधार कार्डाची झेरॉक्स द्यायला गेली. ही झेरॉक्स तिनं जूनमध्ये दिली होती, गणपतीत दिली होती आणि दिवाळीनंतरही दिली होती. दर वेळी शाळा म्हणायची, ती वेगळ्या कामासाठी होती. शाळा सिडकोतली, ज्ञानमेरू शिक्षण संस्थेची. शहरात संस्थेच्या चार शाळा, आणि चारी शाळांच्या भिंतींवर संस्थापकांचा एकच फोटो. सुरेखाची सोनिया तिथं चौथीत.

मुख्याध्यापक पुंजाराम सर मीटिंगमध्ये होते. म्हणजे आत चहा पीत होते, काचेतून दिसत होतं. सुरेखा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट द्यायच्या काउंटरवर बसते. समोरच्या माणसाला काय झालंय ते त्याला वेळेत कळवणं हा तिचा रोजचा धंदा. त्यामुळं ताटकळत उभं राहायचं आलं की ती भिंतीवरचं जे दिसेल ते वाचून काढते. शाळेच्या व्हरांड्यात काचेचा सूचना फलक होता. त्याच्यापुढं खेळाच्या साहित्याचं लोखंडी कपाट सरकवलेलं होतं. फलकाची चार बोटांची पट्टी तेवढी मोकळी होती आणि तिच्यावर एकाखाली एक असं दिसत होतं: "वी ते सातवी", "करण्यात येणार", "कती लेखी", "तीस तारखेपर्यंत".

तिनं शिपायाला कपाट जरा सरकवायला सांगितलं. शिपाई म्हणाला की कपाट शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढलेलं आहे, लेखी पत्राशिवाय जागचं हलवता येत नाय. मग सुरेखानं कपाट आणि भिंत यांच्या फटीत मोबाइल घातला आणि अंदाजानं फोटो काढले. तीन फोटोंत कोळ्याचं जाळं आलं. चौथ्यात नोटीस आली.

येत्या जूनपासून पाचवी ते सातवीचे वर्ग संस्थेच्या नव्या संकुलात हलवायचं प्रस्तावित होतं. संकुल जालना रोडला, शेंद्र्याच्या कारखान्यांच्याही पुढं, शाळेपासून अठरा किलोमीटर. पालकांनी हरकती तीस तारखेपर्यंत लेखी द्याव्यात, न दिल्यास संमती गृहीत धरण्यात येईल. अंतिम निर्णय एक फेब्रुवारीच्या सभेत. नोटिशीवर तारीख होती एक जानेवारीची. म्हणजे वीस दिवस ती नोटीस कपाटाच्या पाठीला तोंड करून बसली होती आणि कपाटानं काही हरकत घेतली नव्हती.

सुरेखा दार न वाजवता आत गेली. पुंजाराम सर भला माणूस. पंचवीस वर्षं गणित शिकवलेलं, कुणाला कधी दुखावलं नाही, म्हणून मुख्याध्यापक झालेला. त्यांनी बिस्किटांची बशी पुढं केली.

"सर, ही नोटीस पालकांना कळवली नाही आपण."

"प्रदर्शित केली ना, मॅडम. नियमानुसार फलकावर लावली."

"कपाटामागे?"

सरांनी क्षणभर विचार केला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "कपाट नंतर आलं."

या प्रामाणिकपणाचा सुरेखाला जास्तच राग आला. तिची मागणी साधी होती. फलक काढा आणि गेटवर लावा, येताजाता आईबाप वाचतील. सर म्हणाले, कल्पना उत्तम आहे, अर्ज द्या. अर्ज आवक बाबूकडं द्यायचा, बाबू बुधवारी रजेवर, म्हणजे गुरुवारी या.

घरी येऊन तिनं समोरच्या फ्लॅटमधल्या नजमाला फोटो दाखवला. नजमाची अरफा सोनियाच्याच वर्गात, एकाच बाकावर. नजमाचा नवरा शफीक शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला, त्याला तो रस्ता पाठ. त्याचं म्हणणं पडलं की सकाळी ट्रकांच्या रांगेत कंपनीची बस अडकली की मोठी माणसं कावतात, तिथं दहा वर्षांच्या पोरींचं काय घेऊन बसलात. नजमानं फोटो दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाली, "भाभी, अरफाकी दादी पहिलेच बोलती, पाँचवीके बाद बस हो गया. इतनी दूर का सुनी तो झालं. घरीच बसवतील तिला."

ती हे इतक्या शांतपणे बोलली की सुरेखाला रागवायला समोर कुणी उरलंच नाही. तिनं तो राग तसाच जपून ठेवला.

अर्ज लिहायचा म्हटल्यावर खालच्या मजल्यावरचे तात्यासाहेब आपण होऊन वर आले. तात्यासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांचं आयुष्य मसुदे करण्यात गेलं, आणि निवृत्तीनंतर मसुद्यावाचून त्यांची भूक मेली, असं लक्ष्मीबाई, म्हणजे त्यांची बायको, सांगते. सुरेखानं दोन ओळींचा अर्ज केला होता. तात्यासाहेबांनी तो चष्मा वर करून, मग खाली करून वाचला आणि म्हणाले, "सूनबाई, हा अर्ज नाही, ही चिठ्ठी आहे. एकदम मागणी केली की साहेब बिथरतो. आधी त्याला खुर्चीत नीट बसवायचं, मग मागायचं."

तात्यासाहेबांनी साहेबाला खुर्चीत बसवायला तीन पानं घेतली. पहिल्या पानावर शाळेचा नावलौकिक, दुसऱ्यावर संस्थेची त्यागी परंपरा, तिसऱ्यावर मुख्याध्यापकांचं मार्गदर्शन. चौथ्या पानाच्या तळाशी, 'सबब' या शब्दानंतर, फलक गेटवर लावावा ही विनंती. सुरेखाला हे पटलं नव्हतं. पण चार पानं सुवाच्य अक्षरात लिहून देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं? मध्यमवर्गीय माणसाची अर्धी कामं अशीच भिडेपायी बिघडतात आणि उरलेली अर्धी घाईपायी.

गुरुवारी अर्ज दिला. आवक बाबूचं नाव सांडू. त्यानं पहिलं पान वाचलं, प्रसन्न हसला, शिक्का मारला. शुक्रवारी सुरेखा उत्तर विचारायला गेली तर रजिस्टरात नोंद दिसली: "श्रीमती घोडके, पालक, यांचे अभिनंदनपर पत्र." पुंजाराम सरांना पत्र फार आवडलं होतं. कुणी इतकं चांगलं लिहीत नाही हो आजकाल, असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर ओला झाला. पत्राचं पहिलं पान त्यांनी सन्मानानं सूचना फलकावर लावलं होतं. कपाटामागं.

त्या संध्याकाळी सुरेखा घरात "याबाबत आपण सर्वांनीच आत्मपरीक्षण करणे उचित ठरेल" असं म्हणाली, आणि सोमनाथ टॉवेल काढायला गेला.

शनिवारी तिनं लॅबमधून अर्धी रजा टाकली आणि थेट संस्थेच्या कार्यालयात गेली. सचिव शिवराज पाटील तिला ताबडतोब भेटले, हाच पहिला अपशकुन. पांढरा शर्ट, तीन मोबाइल, बोलणं तुपात घोळलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाले की ताई, तुमच्यासारख्या जागरूक पालकांचीच संस्थेला गरज आहे. निर्णय पालकांपर्यंत पोचलाच पाहिजे, आम्ही कमी पडलो. मग त्यांनी तिथल्या तिथं एक समिती काढली, 'पालक संवाद समिती', आणि सुरेखाला तिची अध्यक्ष केलं. पत्र छापून तयार होऊन आलं तेव्हा तिचा चहाही संपला नव्हता. पत्रात लिहिलं होतं की प्रस्तावित स्थलांतराची माहिती सर्व पालकांपर्यंत पोचवण्याची संपूर्ण जबाबदारी अध्यक्षांची राहील.

म्हणजे पालकांना कळलं नाही तर आता दोष कपाटाचा नव्हता, सुरेखाचा होता. हे तिच्या लक्षात रिक्षात बसल्यावर आलं. आणि कबूल केलं पाहिजे, रिक्षात बसेपर्यंत तिला जरा बरंही वाटत होतं. अध्यक्ष या शब्दाला एक चव असते.

शिवराजसाहेबांनी शाळेच्या पालक ग्रुपवर तिच्या नावानं संदेश पाठवायचं कबूल केलं होतं. त्या ग्रुपवर फक्त शाळाच लिहू शकत होती, पालकांनी नुसतं वाचायचं किंवा अंगठा दाखवायचा. सुरेखानं रस्त्यातच मजकूर लिहून पाठवला: वर्ग अठरा किलोमीटर लांब जाणार आहेत, तीस तारखेच्या आत लेखी हरकत द्या. रात्रीच्या जेवणाआधी ग्रुपवर संदेश आला. त्यात बसमधून हात हलवणाऱ्या मुलांचं चित्र होतं, आणि मजकूर असा:

"पालकांसाठी आनंदवार्ता. आपल्या पाल्यांसाठी निसर्गरम्य परिसरात भव्य संकुल साकारत आहे. आपल्या शुभेच्छा नोंदवा. आपली, सौ. सुरेखा घोडके, अध्यक्ष, पालक संवाद समिती."

दीडशेच्या आसपास अंगठे पडले. पंधरा जणांनी हात जोडले. तात्यासाहेबांनी तर खालून येऊन पेढा दिला आणि मसुदा थोडा आटोपशीर झाला म्हणून हळहळले. सुरेखानं सचिवांना सात फोन लावले. ते प्रवासात होते. रविवारीही प्रवासातच होते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला मात्र ते दिसले. झेंडा फडकला, मुलांना चॉकलेटं वाटली आणि भाषणात शिवराजसाहेबांनी सांगितलं की शाळेच्या एकशे त्रेचाळीस पालकांनी नव्या संकुलाला डिजिटल माध्यमातून संमती दिली आहे. टाळ्या झाल्या. सुरेखाच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईनंही टाळ्या वाजवल्या आणि हे कशाबद्दल चाललंय म्हणून तिलाच विचारलं.

नजमा खाली मान घालून म्हणाली, "भाभी, एक अंगठा मेरा भी है. मेरे कू लगा सहलीचं आहे."

सुरेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला शिवराजसाहेबांचा राग आला, पुंजाराम सरांचा आला, तात्यासाहेबांच्या 'सबब'चा आला. पण सगळ्यांत जास्त राग तिला स्वतःच्या नावाचा आला, कारण ते त्या बसच्या चित्राखाली ठळक अक्षरात होतं. शाळेत, कॉलेजात, लग्नाच्या पत्रिकेत, लॅबच्या ओळखपत्रावर, कुठंही त्या नावानं कुणाला फसवलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी शाळा सुटायच्या वेळेला ती आणि नजमा गेटवर उभ्या राहिल्या. नजमाचं म्हणणं होतं की कागद नको, फोन नको, तोंडानं सांगायचं. बोलणं सोपं होतं, ऐकणारा माणूस मिळणं अवघड. पालक दुचाकीवर येतात, गाडी चालूच ठेवतात, पोर मागं बसलं की निघतात. एकेका आईबापामागं जेमतेम अकरा सेकंद मिळायचे. "नमस्कार, याबाबत आपणास कल्पना द्यावयाची होती की" एवढं म्हणेपर्यंत समोर फक्त धूर उरायचा. एक जण म्हणाला, ट्यूशन लावलेली आहे. एकीनं टपरवेअर नको म्हणून हात जोडले. एकानं तिला ओळखलं, संकुलाबद्दल अभिनंदन केलं आणि बसला एसी आहे का ते विचारलं. त्यात शाळेचा रखवालदार रामकिसन काठी आपटत आला. गेटपुढं गर्दी करायची नाय, वरून सांगितलंय.

त्या क्षणी सुरेखाचं शुद्ध मराठी संपलं. आतापर्यंतचा राग हा रागाचा नुसता मसुदा होता. रसवंतीवाल्याचं लाकडी बाकडं रस्त्याच्या कडेला होतं, त्याच्यावर ती चपलांसकट चढली.

"गाड्या बंद करा सगळ्या," ती ओरडली. "दोन मिनिटं. जूनपासून तुमची पाचवी-सहावीची पोरं इथं नसणार. शेंद्र्याच्या पुढं जाणार, ट्रकांच्या मधून, अठरा किलोमीटर. ठरलंय. तुम्हाला कुणी विचारलं? तुमच्या अंगठ्याला विचारलंय त्यांनी. अन् ते माझ्या नावानं आलं, त्याची मला लाज वाटती. मी नव्हतं लिवलं ते. मी लिवलं होतं का हरकत घ्या."

ती हे कसं बोलली हे तिला नंतर नीट आठवलं नाही. रागातही आपल्याला 'लिवलं' म्हणता येतं हे तिला पहिल्यांदाच कळलं. पण गाड्या बंद झाल्या. रामकिसनची काठीही थांबली. मग त्यानं हळूच विचारलं की सहावीला पण का, कारण त्याची नात सहावीला होती आणि त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

तीन दिवसांत शहाऐंशी सह्या झाल्या. शुक्रवारी, तीस तारखेला दुपारी, सुरेखा आणि नजमा ते कागद घेऊन आवक बाबूच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. सांडूनं सह्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि अतिशय खेदानं म्हणाला की ही एकच हरकत झाली. एका अर्जावर एक हरकत. शहाऐंशी हरकती पाहिजेत तर शहाऐंशी अर्ज पाहिजेत. आणि आवक साडेपाचला बंद.

तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सुरेखानं सांडूकडं असं पाहिलं की तो खुर्चीसकट थोडा मागं सरकला. गेटवर जाऊन तिनं रामकिसनला सांगितलं आणि शाळा सुटल्यावर रामकिसननं एकाही पालकाला तसंच जाऊ दिलं नाही. जो काठी घेऊन गर्दी हटवत होता तोच आता काठी आडवी धरून गर्दी करत होता. आयांनी पोरांच्या वह्यांची पानं फाडली. व्हरांड्यात, पायऱ्यांवर, पाण्याच्या टाकीवर कागद ठेवून लोक लिहायला बसले. नजमा मधोमध उभी राहून मजकूर सांगत होती, कारण तिचा मजकूर सगळ्यांत छोटा होता: "आमची मुलगी लांब जाणार नाही. शाळा इथंच ठेवा." ज्यांना मुलगे होते त्यांनी मुलगा लिहिलं. एकानं घाईत मुलगीच लिहिलं आणि त्याच्या मुलानं त्यावर जाग्यावरच हरकत घेतली.

पाच वाजून गेले. सांडू शिक्के मारत होता. तिसाव्या अर्जाला शिक्क्याची शाई वाळली. त्यानं पॅड उलटं करून दाखवलं, आता इलाज नाय म्हणाला. सुरेखानं पर्समधून पेन काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "सही करा. प्रत्येकावर. वेळ टाका." यापूर्वी सांडूनं कधी कुणाला पोच म्हणून स्वतःची सही दिली नसावी. तो लहान मुलासारखी सावकाश अक्षरं काढत होता. साडेपाचला एकसष्ट अर्ज झाले होते. बासष्टाव्याला तो घड्याळाकडं बघून थांबला. एकसष्टांची पोच सुरेखाच्या हातात होती. पंचवीस माणसं कागद घेऊन तशीच उभी राहिली.

एक फेब्रुवारीला, रविवारी सकाळी अकराला, शाळेच्या सभागृहात सभा झाली. संस्थेनं चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. दोनशेच्या वर माणसं आली. शिवराजसाहेबांनी सुरुवातीलाच एकशे त्रेचाळीस संमती आणि एकसष्ट हरकती असा हिशेब सांगितला, आणि लोकशाहीत बहुमताचा आदर करावा लागतो असं म्हणून पाणी प्यायले.

सुरेखा उठली. तिनं माइक मागितला नाही. वळून लोकांकडं तोंड केलं आणि म्हणाली, "ज्यांनी ग्रुपवर अंगठा दिला होता, त्यांनी हात वर करा." हात वर आले, पुष्कळ आले. नजमाचाही होता. "आता, वर्ग शेंद्र्यापुढं जाणार हे माहीत असून ज्यांनी अंगठा दिला, त्यांनीच हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या."

सगळे हात खाली आले. मागच्या रांगेतला एक हात राहिला. तो तात्यासाहेबांचा होता. त्यांना प्रश्न नीट ऐकू आला नव्हता. लक्ष्मीबाईनं तो ओढून खाली घेतला.

कुणी हसलं नाही. शिवराजसाहेबांनी पुंजाराम सरांकडं पाहिलं, सरांनी टेबलाकडं. पाच मिनिटं कुजबुज झाली आणि सचिवांनी जाहीर केलं की पालकांच्या भावनांचा आदर करून स्थलांतराचा प्रस्ताव मागं घेण्यात येत आहे. संस्था नेहमीच संवादावर विश्वास ठेवते. याचं श्रेय पालक संवाद समितीच्या अध्यक्षांना जातं, त्यांच्यासाठी टाळ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, उभे राहिले, कुणी दाराकडं निघाले. शिवराजसाहेब हात जोडून व्यासपीठावरून उतरायला लागले. नजमानं सुरेखाचा दंड घट्ट धरला होता, ती रडत होती आणि हसतही होती.

सुरेखाला मात्र आनंद होईना. एक प्रस्ताव मागं गेला होता. पण ज्या माणसांनी तो कपाटामागं ठेवला होता ती तशीच हसत हात जोडत होती, आणि या वर्षात आणखी काय काय ठरवलंय ते त्यांना माहीत होतं, तिला नव्हतं. तिनं पायऱ्यांपाशी जाऊन शिवराजसाहेबांची वाट अडवली.

"साहेब, अजून काय ठरलंय?"

ते हसले. तसं विशेष काही नाही, ताई, योग्य वेळी कळवूच.

सुरेखानं त्यांच्या खांद्यावरून मागं पाहिलं. "सर, तुम्ही सांगा. तुम्ही पंचवीस वर्षं गणित शिकवलंय. खोटं येत नाय तुम्हाला."

पुंजाराम सरांनी पिशवीतून एक निळी फाइल काढली, टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसला. शिवराजसाहेब "सर, सर" असं दोनदा म्हणाले. सर म्हणाले, "यंदा ठरवायचे विषय चौदा आहेत. पहिला मैदानाचा. मैदान लग्नाच्या लॉनला भाड्यानं द्यायचं चाललंय."

दाराकडं गेलेली माणसं थांबली. मग एकेक जण परत आला. ज्यांना खुर्च्या नव्हत्या ते जमिनीवर बसले, रामकिसननं दार आतून लावून घेतलं. बारा वाजून गेले होते, घरोघरी जेवायची वेळ झाली होती.

सुरेखा पहिल्या रांगेत बसली आणि तिनं सोमनाथला फोन लावला. "कुकर लावून घ्या," ती म्हणाली. "अन् नजमाभाभीच्या घरी पण सांगा. आम्हाला उशीर होईल."

सरांनी पहिलं पान वाचायला घेतलं.